जुनी गाडी मैदानात उभी करताना

१९५५च्या ऑगस्टनंतर गोव्याची पत्रादेवीची सरहद्द बंद झाली आणि पुढची सहा वर्षं त्या नाक्याच्या दोन बाजूंना दोन निराळी मोटारजगं नांदली. बांदा-सावंतवाडीच्या बाजूला भारत सरकारचं धोरण स्पष्ट होतं : इथे कारखाना घालून गाडी बनवणार असाल तरच धंदा करा. जनरल मोटर्सने मुंबईतला शिवडीचा जुळणी कारखाना १९५४मध्ये बंद केला, फोर्डही गेली, आणि गिऱ्हाइकासमोर मुख्यतः हिंदुस्तान, प्रीमियर आणि स्टँडर्ड एवढीच नावं उरली. पेडण्याच्या बाजूला मात्र नाकेबंदीला तोंड देण्यासाठी पोर्तुगीज सरकारने आयात मोकळी ठेवली होती. डिचोली-साखळी पट्ट्यातलं लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जात होतं आणि त्या पैशावर मुरगाव बंदरात मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन उतरत होत्या. पोर्तुगालने १९२८मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली होती, पण शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानामुळे गोव्यात डावीच बाजू चालू राहिली. त्यामुळे डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा रस्त्याचा नियम काही बदलावा लागला नाही. गाड्यांना फक्त गोवा, दमण आणि दीवचे ‘जीडी’ने सुरू होणारे नवे नंबर मिळाले. यातल्या कित्येक मर्सिडीज पुढे टॅक्सी म्हणून झिजेपर्यंत धावल्या.

एवढा इतिहास आधी सांगण्याचं कारण आहे. गोव्यात जुन्या गाड्यांची हौस वाढते आहे, रॅली आणि प्रदर्शनं भरतात, आणि पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांच्या पडव्यांतून वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात. त्या प्रदर्शनाला तयार करायच्या म्हणजे काय करायचं, याबद्दल गॅरेजात, क्लबात आणि घरात वेगवेगळ्या समजुती आहेत. बहुतेकांच्या मनात तयारी म्हणजे रंगकाम. माझं मत याच्या उलट आहे. गोव्यातली जुनी गाडी हा त्या सहा-सात दशकांचा कागद आहे, आणि प्रदर्शनाच्या तयारीत सर्वात मोठं नुकसान होतं ते हा कागद खरवडून कोरा करण्याने.

‘जुनी’ कशाला म्हणायचं याची मापं वेगवेगळी आहेत. इंग्लंडातले जुन्या मोटारींचे क्लब १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांनाच विंटेज म्हणतात. आपल्याकडे ही रेषा साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत ओढली जाते आणि त्यापुढच्या गाड्या क्लासिक ठरतात. ‘फिव्हा’ या जागतिक महासंघाची व्याख्या जास्त सैल आहे : किमान तीस वर्षं जुनी, इतिहासाशी सुसंगत अवस्थेत राखलेली आणि रोजच्या वापरात नसलेली. भारत सरकारने जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर घातली तिच्यात ही अट पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांची आहे. पोर्तुगीज अमदानीतली प्रत्येक गाडी हा टप्पा केव्हाच ओलांडून गेली. प्रीमियरची पद्मिनी हे नाव १९७४चं, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आत्ताच कुठे त्यात बसू लागल्या आहेत.

या २०२१च्या नियमांत एक अट अशी आहे की गॅरेजात गाडी नेण्याआधी मालकाने ती नीट वाचावी. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे जुन्या ओपेलच्या बॉनेटखाली नवं जपानी इंजिन बसवून ‘आता कशी मस्त पळते’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या हाताने ही नोंदणी गमावलेली असते. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार रुपये आणि नोंदणी दहा वर्षांसाठी. त्यानंतरच्या पुनर्नोंदणीला पाच हजार. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. पण गोव्याच्या दृष्टीने यातली सर्वात मोलाची तरतूद वेगळीच आहे : आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. ‘जीडी’चा नंबर असलेली गाडी हाती असेल तर तो कधीही सोडू नये. मोटारीचं मूळ आरसी बुक, आयातीची कागदपत्रं, पोर्तुगीज काळातली पावती, आजोबांचा गाडीसोबतचा एखादा फोटो हे सगळं एका फायलीत लावून ठेवणं हीच तयारीची पहिली पायरी. डिचोलीच्या दमट कपाटात वाळवीने कागद खाल्ला तर तो पुन्हा कुठल्याही मिस्त्रीला बनवता येणार नाही.

मूळ ठेवायचं की नवं करायचं, हा वाद जगभर आहे. कॅलिफोर्नियातलं पेबल बीचचं प्रदर्शन १९५०पासून चालू आहे. अशा प्रदर्शनांत मधली कित्येक वर्षं जी गाडी कारखान्यातून निघाली त्यापेक्षाही जास्त लखलखते तीच जिंकायची. हळूहळू परीक्षकांच्या लक्षात आलं की हात न लावलेल्या गाड्या संपत चालल्या आहेत, आणि आता जतन केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवले जातात. फिव्हाने २०१२मध्ये मान्य केलेल्या तुरीन सनदेत हे तत्त्व लिहून ठेवलं आहे : आधी जतन, मग आवश्यक तेवढी दुरुस्ती, आणि अगदीच इलाज नसेल तिथे पुनर्बांधणी; बदललेल्या भागावर बारीक पण कायमची खूण करावी, म्हणजे पुढच्या माणसाला मूळ काय आणि नवं काय हे कळेल. आपल्याकडे मुंबईतल्या आणि दिल्लीतल्या मोठ्या प्रदर्शनांतही अस्सलपणाला गुण असतात. तरीही गावातल्या गॅरेजात अजून पहिला प्रश्न असतो, ‘रंग कुठला मारूया?’

कोल्हापूरचं उदाहरण मला यात फार महत्त्वाचं वाटतं. छत्रपतींची मेबॅक दरवर्षी शाही दसऱ्याला दसरा चौकात येते. ती संग्रहालयात काचेआड नाही. वर्षातून एकदा तिने चालायचंच, म्हणून ती चालती ठेवावी लागते. प्रदर्शनाची तयारी अशा नेमाने केली तर गाडी टिकते. दहा वर्षं पडून राहिलेली गाडी एका महिन्यात ‘तयार’ करायला घेतली की मिस्त्री घाईत कापाकापी करतो.

आता खऱ्या कामाकडे, म्हणजे पत्र्याकडे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेडण्याच्या किनारपट्टीला, केरी, हरमल, मांद्र्याकडे, समुद्राच्या वाऱ्यातून मीठ येतं; डिचोलीत तांबडी धूळ येते. दोन्ही ठिकाणी गंज बाहेरून दिसण्याआधी आतून पसरलेला असतो. डुक्कर फियाटचंच उदाहरण घ्या, म्हणजे १९५४नंतर प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गोल पाठीची फियाट ११००. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. मागच्या दरवाजांच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला. याचा अर्थ, चारही दरवाजांचं वजन मधल्या दोन खांबांवर. आणि या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. खांबाचा पाय जिथे दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत बसतो तिथे पाणी साचतं, तिथेच गंज धरतो, आणि दरवाजा किंचित खाली बसू लागतो. लावताना तो उचलून लावावा लागतो. मालक म्हणतो बिजागरी सैल झाली, बिजागरी बदलतो, आणि खालचा पत्रा सडतच राहतो.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी भोकं असतात. तारेने ती उघडून पाहावी. आतून तांबडा चिखल निघाला तर पाणी कित्येक वर्षं अडलं होतं असं समजावं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच टकटक करत जावं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला बद्द. शेवटी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं; जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा, म्हणजे पुटीचा, जाड थर आहे. काही गाड्यांत बोटभर जाडीची लांबी निघते. तिच्याखाली पत्रा उरलेलाच नसतो.

पट्टी कापायची वेळ आली तर कापण्याआधी दरवाजे बसवून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात आणि दोन खांबांच्या मधे आधाराची लोखंडी पट्टी टाक्यांवर जोडून घ्यावी. हे न करता कापलं की बॉडी किंचित वाकते, आणि मग नवा पत्रा कितीही सुबक जोडला तरी दरवाजा कधीच नीट लागत नाही. इतकी काळजी घेणारे हात डिचोलीत आहेत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. खाणींच्या काळात डिचोली, साखळी, उसगावच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांसाठी वेल्डर, डेंटर, स्प्रिंगवाले, लेथवाले यांची एक पिढीच तयार झाली. २०१२मध्ये खाणी थांबल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि या लोकांचं काम आटलं. त्यांच्या हातात जाड पत्र्याची सवय आहे, जुन्या मोटारीचा पातळ पत्रा वेगळा. पण धातू ऐकण्याची जी सवय लागते ती त्यांना आहे. जुन्या गाड्यांचं काम मुंबई-पुण्याला पाठवण्याआधी मालकांनी यांच्याकडे जावं, वेळ द्यावा आणि कामाचे योग्य पैसे द्यावेत.

रंगाबद्दल थोडक्यात. मूळ रंग निम्मा-अर्धा जरी शाबूत असेल तर तो ठेवावा. जुना रंग मुळात पातळ, त्यावर दर वर्षी रबिंग कंपाउंडने घासलं की कडांवर आधी अस्तर दिसतं आणि मग पत्रा. उडालेल्या जागी गंज थांबवून तेवढाच रंग जुळवावा, वर साधं मेण द्यावं. पूर्ण रंगकाम करावंच लागलं तर आधी डिकीच्या झाकणाखाली, डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली मूळ छटा कुठे शिल्लक आहे ती शोधावी आणि तिथला एक चौकोन तसाच सोडावा. आजचा चकचकीत दोन घटकांचा रंग साठच्या दशकातल्या गाडीवर दिला की ती ओल्या प्लास्टिकसारखी दिसते. चमक कमी ठेवायला पेंटरला आधीच सांगावं लागतं. क्रोमच्या बंपरवर तारेचा काथ्या कधीही नको.

डिचोलीच्या धुळीबद्दल एक सूचना महत्त्वाची. लोहखनिजाचे कण गाडीच्या रंगापेक्षा कठीण असतात. प्रदर्शनाच्या सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा माणूस खरं तर ती घासत असतो. आधी भरपूर पाणी वरून खाली सोडायचं, मग मऊ कापड, आणि कापड धुवायची बादली वेगळी. बोअरवेलचं पाणी असेल तर ते उन्हात सुकू देऊ नये, डाग धरतात. दसऱ्याची पूजा गाडीला हवीच, पण हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं जुन्या रंगावर थेट लावली की डाग राहतो. पुढच्या काचेवर किंवा नंबर प्लेटवर लावावं.

यंत्राच्या बाजूला पेट्रोलचा प्रश्न आता सर्वात गंभीर झाला आहे. २०००पासून देशभर शिशाशिवायचं पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची चिंता होती. त्यावर पेट्रोलमध्ये घालायचं मिश्रण मिळतं, सीट बदलूनही घेता येते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. पेडण्याच्या पावसाळ्यात, जिथे हवाच ओली, टाकीत चार महिने उभं राहिलेलं असं पेट्रोल तळाशी पाणी धरतं. टाकी आतून गंजते, कार्बोरेटरची पितळी जेट हिरवी पडते. म्हणून मृगाआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करावं, पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. हा बदल नजरेआड करता येतो, आणि इथे अस्सलपणाचा आग्रह धरू नये. पेट्रोलच्या गळक्या नळीने गाडी जळते. मर्सिडीज १८०डीसारख्या डिझेल गाड्यांना हा त्रास नाही. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, ते दर पावसाळ्यानंतर बदलावं. त्या काळच्या गाड्यांना बहुधा ब्रेकचं एकच सर्किट असतं : एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

पावसाळ्यात गाडी झाकायची ती सुती कापडाने. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि सीटच्या रेक्झिनवर बुरशी धरते. चाकांखाली फळ्या, बॅटरीची तार काढलेली, काचा बोटभर खाली. उंदीर वायरिंग खातात म्हणून बॉनेट आठवड्यातून एकदा उघडावं.

पेडण्याची पुनव झाली की पाऊस मागे सरतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रदर्शनांचा हंगाम. त्याआधीच्या दीड महिन्यात गाडी निदान चार-पाच वेळा लांब फिरवून आणावी. पेडण्याहून किंवा डिचोलीहून पणजी साधारण तीस किलोमीटर. अंतर थोडं, पण पर्वरीच्या कोंडीत जुनी गाडी तापते, पेट्रोलची वाफ नळीत अडते आणि इंजिन बंद पडतं. भल्या पहाटे निघावं. ज्यांच्या रेडिएटरचा भरवसा नाही त्यांनी सपाट ट्रकवर गाडी न्यायला संकोच करू नये. मात्र पट्टे चाकांना बांधावेत, बंपरला नव्हे.

मैदानात परीक्षक काय पाहतात हे माहीत असलं की शेवटच्या आठवड्यातलं काम हलकं होतं. ते लांबून रंग पाहतात, पण गुण जवळून कापतात. बॉनेट उघडल्यावर होजच्या क्लिपा त्या काळच्या आहेत की कालच्या, स्क्रूवर एक खाच आहे की फुली, वायर सुती वेष्टनाची की चकाकत्या प्लास्टिकची. हॉर्न, वायपर, इंडिकेटर चालतात का. डिकीत मूळ जॅक आणि पाने आहेत का. इंजिन एका किल्लीत सुरू होतं का. टायर रेडियल घातलेत हे त्यांना लगेच दिसतं. तरी ज्या गाडीला महामार्गावरून यायचं आहे तिला सुरक्षित टायर हवेतच, आणि मी त्याचे गुण गेले तरी चालतील असं म्हणेन. दोन हजारनंतरच्या टायरच्या बाजूवर आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलं असतं. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचं रबर टणक झालेलं असतं.

गाडीपुढे ठेवायच्या फलकावर माझा फार जोर आहे. बहुतेक फलकांवर कंपनी, मॉडेल, वर्ष आणि घोड्यांची ताकद असते. गोव्यातल्या फलकावर याहून अधिक असायला हवं : गाडी कुठल्या वर्षी आली, मुक्तीपूर्वी की नंतर, पहिला नंबर कोणता, ती टॅक्सी होती का, डॉक्टरची होती का, खाणीवरच्या अधिकाऱ्याची होती का, काय मूळ आहे आणि काय बदललं आहे. बदललेलं लपवू नये. सारमानसच्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जी भरताना उभ्या राहिलेल्या गाडीच्या मडगार्डला पडलेला पोचा फलकावर लिहून तसाच ठेवला तर डिचोलीतल्या मुलाला आपल्या गावाचा इतिहास त्यातून कळेल. आणि त्या मुलाला मागच्या सीटवर बसू द्यावं. दोरी बांधून ‘हात लावू नये’ अशी पाटी लावलेल्या गाड्यांपुढे लोक फोटो काढून पुढे सरकतात.

सुटे भाग हा कायमचा अडथळा आहे. पद्मिनी आणि अँबॅसडरचे भाग जुन्या बाजारात अजून सापडतात. अँबॅसडर तर २०१४पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती. ओपेल आणि मर्सिडीजचे भाग परदेशातून मागवावे लागतात आणि त्यावर शुल्क पडतं. म्हणून कामाला न येणाऱ्या गाडीचा सांगाडा भंगारवाल्याला देण्याआधी तिच्या काचा, बीडिंग, मुठी, मीटर काढून खूण करून ठेवावेत. दक्षिण गोव्यात नुवे इथे ‘अश्वेक विंटेज वर्ल्ड’ हा जुन्या गाड्यांचा संग्रह आहे. उत्तरेत, जिथे सरहद्दीचा आणि खाणींचा इतिहास घडला तिथे, असं काही उभं राहिलं आणि त्याला जोडून एक दुरुस्तीची शाळा चालली, तर खाणकाळातल्या मिस्त्रींचं ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार नाही.

प्रदर्शनाहून परत आल्यावरचं काम मालक सहसा टाळतात. गाडी किनाऱ्याजवळच्या मैदानात उभी होती तर त्याच दिवशी खालून, मडगार्डच्या आतून, गोड्या पाण्याने धुवावी आणि एक छोटी फेरी मारून ब्रेकचे ड्रम सुकवावेत. ऑइल बदलायचं असेल तर इंजिन तापलेलं असतानाच बदलावं, तेव्हाच ते नीट निघतं. वहीत तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणी केलं, कोणता भाग बदलला हे लिहावं, आणि काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून कपाटात ठेवावा.